कंट्रोलरकाकांचा सावकाश युरोप

आमच्या कंट्रोलरकाकांनी उभ्या जन्मात कुणाची गाडी चुकू दिली नाही. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, आणि साक्षीला अर्धी कळमनुरी उभी करीन. उरलेली अर्धी त्या वेळी गाडीत बसलेली असेल, तीही काकांनीच ढकलून बसवलेली. बसस्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे त्यांनी तीसेक वर्षं काढली. समोर माइक, कानामागे पेन्सिल आणि पुढ्यात कार्बन घातलेली वही. गाव त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायचं, आम्ही शेजारची पोरं कंट्रोलरकाका. त्यांचं खरं नाव मला माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटताना पहिल्यांदा कळलं, आणि ते इतकं साधं निघालं की मी पाकिटावर ‘कंट्रोलरकाका’ असंच लिहिलं. ड्यूटी संपली तरी हा माणूस ड्यूटीवरच असायचा. काकूंनी तव्यावरून भाकरी उतरवली की हे ओट्यावरून ओरडणार, “जेवण लागलेलं हाय, जाणाऱ्यांनी बसून घ्यावं!” घरात जेवायला जाणारे ते एकटेच, कारण त्यांना लेकरूबाळ नव्हतं. पण आवाज असा, की आमच्या घरातली माणसंसुद्धा पाटावर जाऊन बसायची. माझ्या ताईच्या लग्नात त्यांनी पंगतीतून पाहुणे उठवून उठवून गाडीत घातले. एक मामा तर हातात जिलबी घेऊन हिंगोलीला पोचले. मामांना हिंगोलीला जायचंच नव्हतं, ते चांगले चार दिवस राहायला आले होते. संध्याकाळी बिचारे परत आले तर काकांनी स्टँडवरच विचारलं, “बराबर टायमात पोचलात ना?”

पण गाडी बदलायची वेळ आली की याच माणसाचा जगावरचा विश्वास उडायचा. नांदेडच्या रस्त्यावर वारंगा फाटा आहे. माहूरकडे जायचं तर तिथे उतरून दुसरी गाडी धरायची. त्याला काकांचा एकच नियम होता: “वारंग्याला तीन तास धरा.” का, म्हणून विचारलं की कारणांची रांग लागायची. ओढ्याला पाणी येईल, पंक्चर होईल, हळदीचा ट्रक आडवा झाला असंल, मेंढरांचा कळप रस्त्यात बसला असंल. “मेंढरांना काय टाइमटेबल कळतं व्हय?” लोक बिचारे तीन तासांची शिदोरी बांधून निघायचे, पुढची गाडी दहा मिनिटांत समोर येऊन उभी राहायची, आणि माहूरपर्यंत सगळी गाडी दशम्यांच्या वासाने घमघमायची. माझे बाबा एकदा म्हणाले, “अहो, जोडगाडी लगेच मिळते की. मी स्वतः गेलोय चार वेळा.” त्यावर काका शांतपणे म्हणाले, “मिळू द्या. तुमी आपले तीन तास धरा.” कंपाउंडराला जसा हातपाय धुण्याचा रोग जडतो तसा हा कंट्रोलरचा रोग असावा, असं आम्ही समजून चाललो होतो.

कार्बनचं वेड तर विचारूच नका. कुठलाही कागद लिहायचा तर खाली कार्बन घालूनच. वरची प्रत ज्याची त्याला, खालची यांच्याकडे. काकूंनी किराण्याची यादी मागितली तरी तिची नक्कल ट्रंकेत. एकदा काकूंनी वैतागून माझ्या आईला सांगितलं होतं, “वैनी, ह्यांना हसू आलं तरी हे खाली कार्बन घालून हसतील.”

आता अशा माणसाचा आणि युरोपचा संबंध काय, असं कुणीही विचारील. तर संबंध असा, की नांदेडला गुरुद्वारात दर्शनाला निघालेले, विलायतेत राहणारे एक सरदारजी स्टँडच्या बाकावर एक जाडजूड पुस्तक विसरून गेले. युरोपातल्या सगळ्या आगगाड्यांचं वेळापत्रक! काकांनी नियमाप्रमाणे वर्षभर ते सांभाळलं, मालक आला नाही, मग ते घरी आणलं. पुस्तक इंग्रजीत आणि काकांचं इंग्रजी बेताचं. पण आकडे वाचायला काही अडत नव्हतं. दुसऱ्या कुणाला पोथी वाचताना रडू यावं तसं यांना ते पुस्तक वाचताना यायचं. “दहा वाजून सात मिनिटं! पोरी, सात मिनिटं! दहा न्हाई, सव्वादहा न्हाई!”

आणि घरात ऐकायला काकू होत्या. काकूंचं माहेर सिद्धेश्वरकडचं, पूर्णेच्या काठचं. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण भूगोलात अख्ख्या शाळेत पहिल्या. नद्यांचं त्यांना भारी वेड. भाकरी थापता थापता त्या ऱ्हाईन कुठून निघते, डॅन्यूब किती देशांतून जाते हे सांगायच्या, आणि काका चुलीशेजारी पुस्तक उघडून त्या नदीच्या कडेने कोणती गाडी जाते ते शोधायचे. रिटायर झालो की दोघांनी जायचं, असं काकांनी काकूंना कबूल केलेलं होतं. एका दोनशे पानी वहीत सगळा बेत लिहिलेला होता. वहीवर नाव होतं, ‘सावकाश युरोप, दिवस बारा.’ आमच्या कयाधू नदीच्या पलीकडे कधी मुक्काम न केलेलं हे जोडपं डॅन्यूबच्या काठी कुठल्या बाकावर बसायचं, याच्यावर तासन्‌तास वाद घालायचं, आणि मी मधल्या भिंतीशी गृहपाठ करत ते ऐकत राहायची. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

पुढे पुढे काकांनी आणखी एक खूळ काढलं. गावात कुणाचंही लग्न असो, लोक स्टीलचे डबे द्यायचे, हे युरोप द्यायचे. फुलस्केप कागदावर हनिमूनचा बेत, कार्बन प्रत ट्रंकेत. आणि बेतात नेहमी ती एकच शिकवण: “हनिमून हाय, पाहणी दौरा न्हाई. एका जागी बसावं. नदी बघावी.” मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका नवरदेवाला त्यांनी चक्क स्वित्झर्लंड दिलं. त्याने हळदीच्या हाताने कागद घेतला आणि फार विचार करून विचारलं, “सायेब, तिकडं मेंढरं हायेत का?”

“हायेत की. डोंगरावर. मोठाल्या लोकरीची.”

“मंग आमी इथलीच बघतो ना सायेब. तितकं लांब जाऊन बी मेंढरंच बघायची, तर हितल्यांनी काय पाप केलं?”

काकांना हे मनापासून पटलं. पण पुढे त्या पोराच्या घरी गेलं की देवघराशेजारी तो कागद चिकटवलेला दिसायचा, आणि त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमाला कंट्रोलरसायेबानं देला हाय, युरोप.” गावातली सगळी जोडपी औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत यायची, पण घरात कुठेतरी प्रत्येकाच्या वाटचा युरोप जपून ठेवलेला असायचा.

मग काका रिटायर झाले, आणि त्याच वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, डोकं मात्र लखलखीत. खाट खिडकीशी सरकवली. काका जेवण लागल्याची सूचना अजूनही द्यायचे, पण आता भाकरी थापणारेही तेच होते, आणि त्या भाकरीचे आकार युरोपातल्या देशांसारखे असायचे. वहीबद्दल दोघंही बोलत नसत. मी एकदा वेड्यासारखं विचारलं, “काका, युरोप कधी?” तर म्हणाले, “गाडी रद्द झाली पोरी. होतं कधी कधी.” आणि उगाच चष्मा पुसत बसले. मला त्या दिवशी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

अशात माझं लग्न ठरलं. दोन हजारनंतरचा तो काळ. मुलगा नांदेडचा, कॉम्प्युटरवाला, पुण्यात नोकरी, आणि कंपनी त्याला सहा महिने जर्मनीत पाठवणार. लग्नाआधी आम्ही तीनदा भेटलो होतो, तिन्ही वेळा अकरा माणसांसमोर. स्थळ सोन्यासारखं, सगळे खूश. धास्तावलेली फक्त मी, कारण मुलगा बोलतच नव्हता. दिवसाला सहा-सात वाक्यं, त्यातली दोन ‘हो’ आणि एक ‘बरं’. परमुलखात या मुक्या माणसाबरोबर मी एकटी काय करू, या विचाराने मला जेवण जाईना. मी ते फक्त काकूंना सांगितलं. त्या नुसत्या माझा हात धरून बसल्या.

लग्नानंतर काकांनी जावयाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर आमच्या यांनी खिशातून रंगीत पत्रक काढून दाखवलं: आमचा हनिमून, अकरा दिवसांत सात देश, बसने. काकांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पंक्चर झाल्यासारखा झाला. “जावईबापू, हा हनिमून हाय का इलेक्शनचा दौरा? सकाळी उठून बॅगा भरायच्या, दुपारी उतरून फोटू काढायचा. बायकोचं तोंड कवा बघणार तुमी?” न बोलणाऱ्या माणसाची पंचाईत अशी, की त्याला ‘नाही’ही म्हणता येत नाही. काका आत गेले. काकूंशी काहीतरी बोलले. बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा हातात ती दोनशे पानी वही होती. त्यांनी तिच्यातून बारा दिवस पुन्हा नव्या कागदांवर उतरवले, खाली कार्बन घालून, आणि वरची प्रत माझ्या हातात दिली.

“ही तुमची. खालची काकूची. तिकडं साडेतीन तास मागं घड्याळ हाय, त्याचा हिशोब म्या लावलाय. ज्या टायमाला जिथं बसायचं लिव्हलंय, तिथंच बसायचं. ती इथून बघणार हाय तुमाला. पोरी, कागद सोडून जाऊ नको गं. तिचं एवढंच जाणं हाय आता.”

बारा दिवस, तीनच गावं आणि दोन मोठ्या नद्या. प्रत्येक पानावर शेवटी ‘शेरा’ असा रकाना, त्यात लिहिलेलं: ‘पाण्याचा रंग पाहून नोंद करणे.’ आणि जिथे जिथे गाडी बदलायची तिथे काकांचा तो जन्माचा नियम: तीन तास. ‘प्रवाशांनी बाकावर बसून राहावे. दशम्या खाव्यात. बोलावे.’

पहिलीच बदली माइन्झ नावाच्या स्टेशनावर होती. आम्ही उतरलो आणि समोरच आम्हाला जायच्या गावाची गाडी उभी. वेळेवर, मिनिटावर. यांनी बॅग उचलली. मी म्हटलं, “बसायचंय. काकू बघतायत.” यांनी बॅग खाली ठेवली. मग बसले. दर तासाला एक गाडी यायची, दारं उघडायची, आमच्याकडे बघायची आणि निघून जायची. एक गोरी म्हातारी काळजीने विचारून गेली, काही अडचण आहे का. यांची सहा वाक्यं पहिल्या पंधरा मिनिटांत संपली. मी दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली. दुसऱ्या तासाला यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर एक घडी केलेली चिठ्ठी खाली पडली. मी उचलली. त्यावर नंबर घालून लिहिलं होतं: ‘एक, हवामान. दोन, तिच्या मैत्रिणींची नावं विचारणे. तीन, आवडती भाजी...’ असे सतरा विषय. बायकोशी काय बोलायचं, या भीतीने हा माणूस मुंबईहून विमानात बसल्यापासून ती चिठ्ठी खिशात घेऊन हिंडत होता! मी इतकी हसले, इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. कानापर्यंत लाल होऊन हे म्हणाले, “मला वाटलं, तुला कंटाळा येईल माझा.” मी म्हटलं, “चला, तीन नंबरपासून सुरू करा.” तीन तास कधी संपले कळलं नाही. आमची नेमलेली गाडी आली तेव्हा हे सोळाव्या विषयावर होते. मी उठले, तर माझा पदर धरून मला खाली बसवत हे म्हणाले, “ही पण जाऊ दे ना.” मीच धाक दाखवून यांना गाडीत चढवलं, कारण कागदावर वेळ लिहिलेली होती.

इकडे कळमनुरीत बारा दिवस काकूंच्या खाटेशेजारी काका कार्बन प्रत घेऊन बसलेले असायचे. आईने फोनवर सांगितलं, गल्लीतल्या बायका पाण्याला जाता येता खिडकीत डोकावून विचारायच्या, “पोरगी कुठवर आली?” आणि काका जुन्या आवाजात सांगायचे, “माइन्झ स्टेशनावर दोगं बसलेले हायेत. गाडीला अजून दोन तास अवकाश हाय. जेवण चालू हाय.”

पंचमीला मी माहेरी आले ती पिशवी टाकून आधी काकूंकडे धावले. काका अंगणात बाबांना सात मिनिटांचं महत्त्व समजावून सांगत होते. मी खाटेवर बसून शेऱ्याचे रकाने वाचायला लागले. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

“डॅन्यूब निळी हाय का गं?”

“नाही काकू. मातकट आहे. कयाधूला नवं पाणी येतं ना, तशी.”

“अगं बाई! आन म्या परीक्षेत निळी रंगवली की!” काकू अशा हसल्या की खाट हलली. मी पुढे वाचलं: पासाऊ नावाच्या गावात तीन नद्या एकत्र येतात, पहिली ही डॅन्यूबच. दुसरी हिरवट, दुधाळ. तिसरी काळी, पण स्वच्छ. काळ्या रानातून वाहत आल्यासारखी. तिसरीचा रंग त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. मग मी सहज चेष्टेने म्हटलं, “पण काकू, तिकडच्या गाड्या खरंच मिनिटावर येतात हो. काकांनी उगाच आम्हाला तीन-तीन तास बसवलं.”

काकूंनी डोळे उघडले. “त्यांना न्हाई का माहीत? इतकी वरसं ते पुस्तक वाचून राहिले.” मग अंगणाकडे बघून आवाज बारीक केला. “आमचं नवं नवं लगीन झाल्तं. घरात एकवीस माणसं, महिना झाला तरी दोघांना एक शब्द बोलाया फुरसत न्हाई. माहूरला दर्शनाला निघालो. सासूबाई येणार व्हत्या, त्यांचा पाय मुरगाळला, मंग आमी दोघंच. वारंग्याला उतरलो, रसवंतीवर रस पेत बसलो, आन तेवढ्यात गाडी गेली. ह्यांची नवी नोकरी, आन ह्यांचीच गाडी चुकली! म्या रडाया लागले. हे म्हणले, रडू नको, दुसरी येती. काय बोलावं ते सुदरंना, म्हून म्या आपल्या सातवीतल्या नद्या सांगितल्या. हे म्हणले, दाखवीन तुला. मंग दुसरी गाडी आली. म्या पिशवी उचलली. हे म्हणले, ‘ही गर्दीची हाय, जाऊ दे.’ व्हती थोडी गर्दी. मंग तिसरी आली.”

काकूंनी पदराचं टोक उजव्या हाताने तोंडावर ओढलं, नव्या नवरीसारखं.

“तिसरी रिकामी व्हती गं. आत डायवर आन कंडक्टर, तिसरं माणूस न्हाई. हे तिच्याकडं नीट बघून म्हणले, ‘ही बी गर्दीची हाय.’”

बाहेर काका बाबांना सांगत होते, “मिळू द्या हो लगेच. तुमी तीन तास धरा.”

काकू त्यानंतर दीडेक वर्षाने गेल्या. काकांनी जेवण लागल्याची सूचना देणं बंद केलं, आणि आमच्या गल्लीला कितीतरी दिवस वेळेवर भूक लागेना. मी जमेल तसं जात राहिले. प्रत्येक वेळी परत निघताना काका मला स्टँडवर सोडायला यायचे, अर्धा तास आधी, माझी पिशवी स्वतः उचलून. कार्बनची ती प्रत घडी करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. घड्यांवर फाटली होती, अक्षरं फिकी पडली होती. मागच्या खेपेला असेच आम्ही बाकावर जाऊन बसलो. खिडकीत आता दुसरा कुणी तरुण कंट्रोलर होता, त्याने उठून नमस्कार केला. नांदेडची गाडी आली, बरोबर वेळेवर. मी उठले आणि पिशवीला हात घातला. काकांनी पिशवी सोडली नाही. उभ्या जन्मात कुणाची गाडी चुकू न देणारा तो माणूस गाडीकडे पाहत होता. गाडीत ड्रायव्हर होता, कंडक्टर होता, आणि मागच्या बाकावर एक म्हातारा झोपला होता.

“ही गर्दीची हाय पोरी,” काका म्हणाले. “जाऊ दे.”

मी खाली बसले. कंडक्टरने घंटी मारली, गाडी निघून गेली. पुढची केव्हा आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पिशवीतून दशम्यांचा डबा काढून दोघांच्या मध्ये ठेवला. काकांनी एक तुकडा मोडला, खिशातला तो कागद काढून गुडघ्यावर सरळ केला आणि म्हणाले, “हं. आता सांग. त्या तिसऱ्या नदीचा रंग कसा सांगितलास काकूला?”